पाळीची गडबड, चिडचिड, रडू – मराठीत बोलणारी समुपदेशक सुचवा

अबोली: गायनॅककडे जाऊन आले. "या वयात होतंच, मन रमवा" म्हणून कॅल्शियम लिहून दिलं. परवा पोळ्या लाटताना मुलाने दुसऱ्यांदा डबा मागितला आणि मी लाटणं ओट्यावर आपटलं. कडेचा टवका उडाला. तो डबा न घेताच कॉलेजला गेला. मग मी मोरीत नळ सोडून रडत बसले. मी अशी नव्हते. घरगुती उपाय नकोत. नाव-नंबर सांगा, लवकर.

रानजाई: ताई, गाव कोणतं? वय? पाळी पूर्ण गेली की मागेपुढे होते? झोप? थायरॉईड?

नलूमावशी: शतावरी कल्प दुधातून, दोन वेळा. मी सहा महिने घेतला, रामबाण. नाचणी खा, पहाटे चाला. आमच्या वेळी याचा एवढा बाऊ नव्हता.

रानजाई: मावशी, बाऊ नव्हता की सांगायला कोणी नव्हतं? माझी आई त्या वर्षांत देवघराचं दार लावून बसायची. आम्हाला वाटायचं जप चाललाय.

अबोली: ४७, सातारा. पाळी कधी पंधरा दिवसांनी, कधी तीन महिने नाही. रात्री तीनला गाऊन घामाने भिजतो, मग सकाळपर्यंत टक्क जागी. थायरॉईड तीन वर्षांपूर्वी केला होता. नंबर कोणीच देत नाहीये.

मनमोकळी: देते, पण वय उगाच विचारलेलं नाही. सलग १२ महिने पाळी आली नाही की मेनोपॉज. तुमचा त्याआधीचा टप्पा आहे, पेरिमेनोपॉज. यात इस्ट्रोजेन हे हार्मोन वरखाली होतं, त्याचा मनावर परिणाम होतो, त्यात झोपमोड. टीएसएच (थायरॉईडची तपासणी), हिमोग्लोबिन, बी१२ नव्याने करा. अंगावरून जास्त जाऊन रक्त कमी झालं तरी धडधडतं, गळून जायला होतं. बाळंतपणानंतर उदास वाटायचं का?

मोहन_चिपळूण: पूजेसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मिळतात, पण डॉक्टरांना विचारूनच घ्या. पत्नीला त्रास झाला होता.

अबोली: माझा तो प्रश्नच नाही हो.

विदुला_लंडन: एचआरटीबद्दल, म्हणजे बाहेरून हार्मोन्स देण्याच्या उपचाराबद्दल, विचारलंत का? मला पॅच लावल्यावर महिन्याभरात फरक पडला. इथे मेनोपॉजमधल्या उदासीसाठी सीबीटीही सुचवतात, म्हणजे विचारांच्या सवयींवर काम करणारं समुपदेशन.

नलूमावशी: हार्मोन्सने कॅन्सर होतो. उगाच भरीला घालू नका.

विदुला_लंडन: ही धास्ती २००२ च्या अमेरिकन अभ्यासानंतर पसरली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. धोका प्रत्येकीचा वेगळा. स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताची गुठळी झालेली असेल तर डॉक्टर बहुधा नकोच म्हणतील. पण विचारायचंच नाही, हे कशाला?

मनमोकळी: हा वाद नंतर घाला. अबोलीताई, सरळ विचारते. जगणं नकोसं वाटतं का?

अबोली: बाळंतपणानंतर उदास वाटायचं, दोन-तीन महिने. कोणाला सांगितलं नव्हतं. आणि हो. मागच्या आठवड्यात दोनदा वाटलं, झोपेतून उठूच नये. त्यापुढे काही नाही.

मनमोकळी: लिहिलंत ते फार बरं केलंत. आत्ता १४४१६ लावा, टेली-मानस. सरकारी आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मग जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, औषध लागेल का तेही कळेल. आणि आज घरात कोणाला तरी सांगा. एकट्या राहू नका.

रानजाई: मुलालाच सांगा ताई. डबा टाकून गेला तो रागाने नसेल, घाबरला असेल.

अबोली: लावला फोन. पंचवीस मिनिटं बोलले. पलीकडच्या बाईंनी एकदाही मध्ये तोडलं नाही. सोमवारी रुग्णालयात जातेय, रक्तही तेव्हाच देईन. मुलगा बरोबर येतो म्हणाला.

नलूमावशी: माझी जाऊ साताऱ्यातच असते. सोमवारी दोघं तिच्याकडे जेवायला जा, मी सांगून ठेवते. शतावरीचं डॉक्टरांना विचारून बघ.

मोहन_चिपळूण: मनमोकळीताई, पत्नी ४४ वर्षांची आहे. तीही रात्री उठून गॅलरीत बसते. मी कधी विचारलं नाही. त्या तपासण्या परत सांगता का?