ब्लू चीजचा पास्ता: सॉस फुटला, वर खारट! कुठे चुकलं?

दांडियाबाजारकर:
मंडळी, मी निवृत्त माणूस, मुक्काम बडोदा. सौ. दीड महिना लेकीकडे पुण्याला आहे, त्यामुळे स्वयंपाकघर माझ्या ताब्यात. पिठलं, कढी, खिचडी यांत मी कुणाला ऐकत नाही, पण परवा नाक कापलं गेलं.

मुलगा मिलानहून आला होता. जाताना गोर्गोंझोलाचा (निळ्या बुरशीचं इटालियन चीज) २५० ग्रॅमचा तुकडा फ्रीजमध्ये ठेवून गेला. "बाबा, दहा मिनिटांत पास्ता होतो," एवढंच सांगितलं. मी २०० ग्रॅम पेने (नळीसारखा पास्ता) उकडला, पाण्यात मूठभर मीठ घातलं, पाणी मोरीत ओतलं. कढईत लोणी, लसूण, क्रीम आणि १५० ग्रॅम चीज, सगळं मोठ्या आचेवर. खदखदायला लागल्यावर चिमूटभर मीठ आणि अर्धं लिंबू (ही माझी हुशारी). पाहता पाहता तूप एकीकडे, आणि तळाला लोणी कढवल्यावर बेरी बसते तसे कण. चव समुद्राच्या पाण्याची! वास इतका की शेजारच्या बेन दार वाजवून विचारत्या झाल्या, "भाई, गॅसनी वास आवे छे?"

उरलेलं १०० ग्रॅम फ्रीजरमध्ये टाकलंय. रविवारी दोन मित्र जेवायला येणार आहेत. ती निळी बुरशी खरंच पोटात जाऊ द्यायची ना?

सुगरण_नव्हे:
काका, कढी करता ना तुम्ही? मग आच मोठी का ठेवलीत? ताक उकळलं की फुटतं, तसंच चीजचंही. जास्त आचेवर त्यातलं प्रथिन गोळा होतं आणि स्निग्धांश सुटून वर येतो. त्यात तुम्ही लिंबू पिळलंत, म्हणजे पनीर करायचीच तयारी.

मोरीत ओतलंत तेच खरं औषध होतं. कढी फुटू नये म्हणून आपण बेसन लावतो, ते काम इथे पास्त्याच्या पाण्यात उतरलेलं पिष्ट करतं. वाटीभर पाणी आधी बाजूला काढा. क्रीम मंद आचेवर नुसतं कोमट करा, गॅस बंद करा आणि मग चीज कुस्करून घाला. ढवळत राहा. घट्ट वाटलं तर ते पाणी चमचा-चमचा सोडा. पास्ता एक मिनिट कच्चा काढून त्यातच घोळवा.

खारट_गोड:
२०० ग्रॅम पास्त्याला ७०-८० ग्रॅम चीज पुष्कळ. ते मुळात खारट, म्हणून सॉसमध्ये मीठ अजिबात नाही, पास्त्याच्या पाण्यातही निम्मंच. क्रीम १०० मिली. वरून भाजलेले अक्रोड आणि नासपतीच्या पातळ फोडी. गोर्गोंझोलाबरोबर ही जोडी इटलीतही खातात.

बुरशीचं म्हणाल तर ती मुद्दामच वाढवलेली असते, पेनिसिलियम रोक्फोर्टी. निळ्या-हिरव्या रेषांना घाबरू नका. गुलाबी ठिपके किंवा काळी लव दिसली तर मात्र फेका. फ्रीजरमधलं चीज भुगा होतं, नुसतं खायला मजा येत नाही, सॉसला चालतं. आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये ठेवा.

अंबाडीची_भाजी:
बडोद्यात राहून साखरेची चिमूट घातली नाहीत? नासपतीच्या जागी चमचाभर मधही चालेल. 😄

दांडियाबाजारकर:
रविवारचा वृत्तांत. खंडेराव मार्केटमधून दोन नासपती आणल्या, ८० ग्रॅम चीज घेतलं, गॅस बंद करूनच घातलं. पाणी पहिल्यांदा एकदम ओतलं, तर सॉस पिठल्यासारखा न होता सारासारखा झाला. मग पास्ता घालून दोन मिनिटं घोळवत बसलो, तेव्हा जमून आला. चमच्याच्या पाठीला चिकटून राहत होता. लिंबू डब्यातच राहिलं.

एका मित्राने अक्रोड वेचून बाजूला काढले आणि वर मूठभर शेव भुरभुरवली. मी काही बोललो नाही, कारण तिसऱ्या घासाला मीही तेच केलं.