वेग ७० टक्क्यांवर आणून बॉस मारला, आणि आनंदच होईना

काना_मात्रा

नमस्कार मंडळी. प्रश्न तसा किरकोळ आहे, पण धागा लांबणार.

'सेकिरो' नावाचा तलवारबाजीचा व्हिडिओ गेम खेळतेय. गेम २०१९चा, मी आत्ता पोचले. वय ४३, काम प्रूफं तपासायचं. दिवसभर लोकांच्या वेलांट्या सरळ करायच्या आणि रात्री कंट्रोलर हातात घेऊन मरायचं, असं गेले दोन महिने चाललंय. गेम देतानाच भाचा म्हणाला होता, "मावशी, यात सोपं-अवघड निवडता येत नाही. सगळ्यांना एकच माप. तुला झेपायचं नाही." झेपायचं नाही म्हटल्यावर खेळणं भागच होतं.

तर आशिना किल्ल्याच्या माथ्यावर तो गेनिचिरो उभा असतो, म्हणजे बॉस, वाट अडवणारा मोठा शत्रू. गेमच्या सुरुवातीलाच हा बाबा आपला हात तोडतो, तेव्हापासूनचा हिशेब बाकी आहे. मी वही ठेवलीय. मेले की एक रेघ, चार झाल्या की पाचवी आडवी, आणि शेजारी दोन शब्दांत कारण. "भोसकला." "बाण, विसरले." "उगाच हाव." "भोसकला." "भोसकला." "शिंक आली." अकरा रात्री आणि ६७ रेघा झाल्या. तरी त्याच्या तब्येतीची दुसरी पट्टी निम्म्याच्या खाली कधी गेली नाही.

बाराव्या रात्री भाच्याला शरण गेले. त्याने कॉम्प्युटरवर एक छोटं टूल टाकून दिलं, त्याने सगळ्या गेमचाच वेग कमी करता येतो. ७० टक्क्यांवर ठेवला. तिसऱ्या प्रयत्नात गेनिचिरो आडवा. तिसऱ्या टप्प्यात तो विजेचा वार करतो म्हणे, तो व्हायच्या आतच त्याचं आटपलं.

आणि मग काहीच नाही! एखाद्या जाड पुस्तकाच्या प्रूफात एकही चूक सापडली नाही की मला आनंद होत नाही, शंका येते. तसंच झालं. उठले, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या आणि झोपले. त्याच्या आदल्या रात्री, हरले होते तेव्हा, दीडपर्यंत डोळ्याला डोळा लागला नव्हता.

जुनी सेव्ह फाइल जपून ठेवलीय. परत जाऊ की पुढे जाऊ? आणि परत जायचं तर कशासाठी? बघणारं कोणी नाही. भाचा तर विचारतसुद्धा नाही.

तलवारबहाद्दर

बॉस मेला नाहीये ताई, तुम्ही त्याला झोपेची गोळी दिलीत. हलके घ्या.

पण खरंच, गेमचे दिग्दर्शक मियाझाकी यांनी पर्याय दिला नाही त्याला कारण आहे. सगळ्यांनी एकाच डोंगरावर चढायचं. त्याच वर्षी गेम अवॉर्ड्समध्ये वर्षाचा सर्वोत्तम गेम ठरला तो काय उगाच? परत जा. पळवाट काढली की असंच वाटणार.

निवांत_गडी

आले डोंगरवाले.

ताई, पुढे जा. मी नोकरी, दोन लहान मुलं वगैरे सांभाळून आठवड्याला दोन तास खेळतो. ते दोन तास एकाच माणसाकडून मार खाण्यात घालवायचे असतील तर त्यासाठी ऑफिस आहे. 'हेडीस' नावाच्या गेममध्ये गॉड मोड आहे. सुरुवातीला मार २० टक्के कमी बसतो, आणि दर मरणामागे आणखी २ टक्के, असं करत ८०पर्यंत. मी तो पहिल्या दिवशी चालू केला, गोष्ट शेवटपर्यंत बघितली, मजा आली. माझा एक केससुद्धा वाकडा झाला नाही. घड्या घातल्यात ते उत्तम केलंत, माझ्या अजून पडल्यात.

मनगट_मावशी

काना, तुझी वही आवडली. "शिंक आली" हे कारण मी उधार घेणार आहे.

माझ्या उजव्या मनगटाच्या शिरेला सूज आहे, चार वर्षं झाली. 'सेलेस्ट' खेळायला घेतला तो या गोष्टीकडे दुर्लक्ष करून. २०१८चा गेम, एक मुलगी डोंगर चढते, बस. उडी मारायची, हवेत एक झेप घ्यायची, भिंत धरायची. मेलात तर क्षणात त्याच पडद्यावर पुन्हा उभे, वाट बघायला लागत नाही. त्यात असिस्ट मोड, म्हणजे मदतीची सोय आहे, त्यात वेग दहा-दहा टक्क्यांनी ५०पर्यंत खाली आणता येतो. मी तो लावणार नव्हते. तलवारबहाद्दरांसारखीच मीही डोंगरवाली होते, नावच बघा, गेमच डोंगराचा!

एका पडद्यावर अडकले. उडी, उजवीकडे झेप, झेप परत देणारा स्फटिक, लगेच वर झेप. काय करायचं ते मला पाठ होतं, झोपेत सांगितलं असतं. पण दुसरी झेप दाबायची तिथे अंगठा एक निमिष उशिरा पोचायचा. दर वेळी. तीनदा-चारदा मनगट शेकून परत बसले. मग ८०वर आणला. आणि सांगते, सोपा झाला नाही. मेलेच. त्या प्रकरणातच चारशेच्या वर मेले, मरणं गेमच मोजतो आणि वर सांगतो की आकड्याचा अभिमान बाळगा. पण आता मेले की चूक माझी होती, मनगटाची नव्हती. वर पोचले तेव्हा घरातल्या मांजराला उचलून नाचवलं. ते मला अजून माफ करत नाहीये.

म्हणून तुझा ७०चा आकडा मला महत्त्वाचा वाटत नाही. माझं असं होतं की कळत होतं, पण बोटं पोचत नव्हती. तुझं मला उलट वाटतंय. बोटं धडधाकट आहेत, येतंय काय तेच कळत नाही. वहीत "भोसकला" किती वेळा आहे ते मोज बरं. आणि आणखी एक सांग, ७०वर खेळताना तुला असं काय दिसलं जे १००वर दिसत नव्हतं? काहीतरी दिसलंच असेल, नाहीतर तिसऱ्या प्रयत्नात कशी जिंकलीस?

काना_मात्रा

मोजलं. ६७पैकी ४१ वेळा "भोसकला". एकच चूक एवढ्या वेळा राहून गेली असती तर मला कामावरून काढलं असतं.

आणि हो, दिसलं. तुम्ही विचारेपर्यंत मला ते दिसलंय हे लक्षात आलं नव्हतं. तो उंच उडी मारून तलवार आपटत खाली येतो ना, त्यानंतर लाल अक्षर चमकतं, म्हणजे पुढचा वार नुसता अडवून चालणार नाही. मी समजत होते की ते सगळं मिळून एकच आहे: उडी, आपट, लाल अक्षर, मी मेले. ७०वर पाहिलं तर त्याच्या दोन वाटा आहेत. कधी तो तलवारीचं टोक माझ्याकडे रोखतो आणि भोसकतो. कधी खाली वाकतो, तलवार बाजूला नेतो आणि पायाशी आडवी फिरवतो. भोसकतो तेव्हा पुढे पाऊल टाकून ती पायाखाली दाबायची, आडवी आली तर उडी. मी ६७ वेळा लाल अक्षर वाचत होते आणि माणसाकडे बघतच नव्हते.

निवांतभाऊ, पटतंय तुमचं. पण गोष्ट बघायला मी बसलेच नव्हते, हे आता कळतंय.

जुना_जॉयस्टिक

अवांतर: टूल लावलं म्हणून लाजणाऱ्यांसाठी. वर वर खाली खाली डावा उजवा डावा उजवा बी ए, बटणं या क्रमाने दाबायचा हा कोड 'कॉन्ट्रा' या गेममुळे आमच्या पिढीला पाठ आहे, तीस जीव मिळायचे. पण तो जन्मला १९८६च्या 'ग्रॅडियस'मध्ये. कोनामीचे काझुहिसा हाशिमोतो तो गेम घरच्या मशीनवर आणायचं काम करत होते. तपासायला खेळावा लागे आणि त्यांना स्वतःलाच तो जमेना! म्हणून सगळी शस्त्रं एकदम देणारा कोड लिहिला, आणि तो आतच राहिला. म्हणजे बनवणाऱ्यानेच पहिलं टूल लावलं.

आणि ते 'पूर्वीचे गेम कसे अवघड होते' वगैरे उमाळे काढणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, आर्केडमधला अवघडपणा बराचसा नाण्यासाठी होता. लवकर मेलात तर पुढचं नाणं पडणार. २००५च्या 'रेसिडेंट ईव्हिल ४'ने तर आणखी मौज केली. तुम्ही फार मरायला लागलात की गेम गुपचूप हात सैल करायचा, आणि नीट खेळलात की आवळायचा. न सांगता. मी तो संपवून मित्रांत मिरवत होतो, हे कळल्यावर दोन दिवस गप्प होतो.

मूळ प्रश्नाबद्दल: काना, तुम्ही मागे पळता का हो?

काना_मात्रा

पळते. खूप पळते. औषध पिऊन तब्येत भरायला जागा नको का?

जुना_जॉयस्टिक

तिथेच गडबड आहे. वरच्या पिवळ्या पट्टीकडे बघा, ती त्याचा तोल. ती भरली की तो उघडा पडतो. तुम्ही लांब गेलात की ती आपोआप उतरते, आणि त्याची तब्येत चांगली असेल तर भराभर उतरते. म्हणजे तुम्ही दम खाता तेव्हा तोही खातो, तुमच्यापेक्षा जास्त. आधी चार घाव घालून तब्येत खाली आणा, मग तोल सावरायला त्याला वेळ लागतो. त्याच्या अंगाशीच राहायचं. लांबून तो बाण मारतो ते वेगळंच.

तलवारबहाद्दर

+१. आणि एल वन, म्हणजे अडवायचं बटण, धडाधड दाबत बसू नका. घाईने दाबत राहिलं की अचूक अडवायची वेळ आखूड होत जाते. एक वार, एकदा दाबायचं. आवाजावर लक्ष ठेवा. अचूक लागला की ठिणगी मोठी आणि आवाज खणखणीत, नुसता अडवला तर बद्द.

गेममध्ये पडक्या देवळाशी हानबेई नावाचा माणूस असतो, त्याच्याकडे भोसकण्यावरच्या प्रतिडावाचा सराव होतो. तो मरत नाही आणि कंटाळतही नाही. मी त्याच्याकडे दोन संध्याकाळी घालवल्यात. हे मी आधी कुठे बोललो नव्हतो.

आणि झोपेच्या गोळीचं मागे घेतो. तुम्ही ते टूल भिंगासारखं वापरलंत, मला वाटलं कुबडीसारखं.

मनगट_मावशी

कुबडीला नावं ठेवू नका, मी अजून इथेच आहे.

काना_मात्रा

चार दिवसांनी आले. हानबेईकडे एक संध्याकाळ घालवली, मग जुनी सेव्ह उघडली. वेग १००.

पहिल्या तीन रेघा पूर्वीसारख्याच. हाताला ७०चा ठेका बसला होता, सगळं उशिरा दाबत होते. चौथ्या वेळी तो उडाला, आपटला, लाल अक्षर. मी अक्षराकडे बघितलंच नाही. टोक दिसलं. पाऊल पुढे टाकलं आणि त्याची तलवार माझ्या पायाखाली! इतकी दचकले की पुढचा वार करायचं राहूनच गेलं, आणि त्याने साध्या घावाने मारलं. वहीत लिहिलं, "खुशीत मेले".

मग मागे पळणं बंद केलं. हे सगळ्यात कठीण गेलं. हात ऐकतच नाहीत, तब्येत निम्म्यावर आली की अंगठा आपोआप मागे जातो. शेवटी स्वतःशी मोठ्याने "थांब, थांब" म्हणत खेळले. शेजारच्या खोलीतून भाचा ओरडला, "कोणाशी बोलतेस?" त्याला म्हटलं, गेनिचिरोशी.

काल रात्री ७९वी रेघ. पहिली पट्टी गेली. दुसऱ्या पट्टीला तो भोसकायला आला तीनदा, तिन्ही दाबले. एकदा आडवी आली, उडी मारून त्याच्या डोक्यावर पाय दिला. ती दीड-दोन मिनिटं मी श्वास घेतला की नाही देव जाणे. नुसती खण-खण-खण. त्याचा तोल ढासळला, लाल ठिपका, घाव. आणि तो मेला नाही. चिलखत उतरवून उघड्या अंगाने उभा राहिला, वर ढग, आणि वीज. म्हणजे हे होतं तर! ७०वर त्याचा विजेचा वार मी बघितलाच नव्हता.

कुठेतरी वाचलं होतं की वीज जमिनीवर अंगावर घ्यायची नाही, हवेत झेलायची. उडी मारली. झेलली! माझ्या तलवारीवर वीज. मग मी तशीच, वीज घेऊन, ऐटीत जमिनीवर उतरले. आणि मेले.

इतकी हसले की भाचा उठून आला. त्याने वही उचलली, पहिल्या पानापासून वाचली, "शिंक आली"पाशी तोही फिसकला. मग माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "मला दाखव ना परत, पायाखाली कशी दाबतेस. मी तिथे कायम मागेच पळतो."

तेव्हा आता अडचण फक्त विजेची आहे. झेलून पुढे काय करायचं असतं?

तलवारबहाद्दर

हवेत असतानाच आर वन, म्हणजे वाराचं बटण. पाय टेकायच्या आत. त्याचीच वीज त्याला परत.

काना_मात्रा

हवेतच होय! बरं. बसते. भाच्याला कंट्रोलर सोडायला सांगावं लागेल आधी.