मदत हवी आहे: बुद्धिबळात हत्ती-प्याद्याच्या शेवटात बरोबरी घेतली, चुकलं का?

परभणीकर
जिल्हा निवड स्पर्धा, 90 मिनिटं अधिक चालीला 30 सेकंद. मी पांढरा: राजा डी5 (उभी रांग डी, आडवी ओळ 5), हत्ती एच7, प्यादं ई5. काळा: राजा ई8, हत्ती ए6. चाल माझी. समोरच्याने बरोबरी विचारली, मी घेतली. क्लबातले म्हणतात एक प्यादं जास्त होतं, जिंकायला पाहिजे होतं. कसं?

हत्तीघर, लातूर
नसतंच जिंकता आलं. ही फिलिडोरची स्थिती (जुन्या फ्रेंच खेळाडूच्या नावाची बचावाची ठरलेली मांडणी), सरळ बरोबरी. काळ्याचा हत्ती सहाव्या ओळीवर आहे तोवर तुमच्या राजाला पुढं पाय टाकता येत नाही. प्यादं ई6 वर ढकललं की तो हत्ती लगेच ए1 वर. मग राजा डी6, हत्ती डी1 शह. राजा ई5, हत्ती ई1 शह. राजाच्या आडोशाचं घर होतं ई6, तिथं आपलंच प्यादं बसवलं. शह चुकवायचे कुठं?

पण घाई मात्र केलीत. हत्ती सातव्या ओळीवरच फिरवत राहायचं. काळा कंटाळून आधीच ए1 वर गेला तर राजा ई6, आणि आठव्या ओळीवर मात टांगलेली. आता त्याने राजा एफ8 ला नेला तर वाचतो: एच8 वरून शह दिला तरी राजा जी7 वर येऊन उलट हत्तीलाच भिडतो. डी8 ला नेला तर मेला. लांब बाजू, म्हणजे प्याद्याच्या ज्या बाजूला जास्त उभ्या रांगा आहेत ती, त्याच्या हत्तीला आडवे शह द्यायला लागते, तीच राजाने अडवली.

परभणीकर
किती वेळ ओढायचं मग?

पटावरचा पंच, नांदेड
दोघांच्या 50-50 चाली प्यादं न हलता, मारामारी न होता झाल्या की समोरचा बरोबरी मागू शकतो. प्यादं हललं की मोजणी पुन्हा शून्यावर, म्हणून ई6 अगदी शेवटी ठेवा.

त्याआधी तो तीनदा तीच स्थिती आल्याचा दावा करेल. सलग यायची गरज नाही, पण खेळायची पाळी त्याच खेळाडूची हवी. त्याच्या चालीने तिसऱ्यांदा येणार असेल तर चाल पटावर खेळायची नाही. स्कोअरशीटवर लिहायची, घड्याळ थांबवायचं, पंचाला सांगायचं. इथंच पोरं चुकतात: आधी मोहरा हलवतात, मग हात वर करतात. मोहऱ्याला हात लागला की त्या चालीपुरता दावा गेला. त्याचा दावा खोटा ठरला तर तुम्हाला 2 मिनिटं जास्त. पंच स्वतःहून डाव थांबवतो तो पाचव्यांदा तीच स्थिती आल्यावर, नाहीतर दोघांच्या तशाच 75-75 चालींनंतर.