विषय: शाळेची मिशन ट्रिप नगरला चालली आहे, तयारीसाठी मदत हवी

मराठी मंडळाच्या सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार,

माझा मुलगा इथे अमेरिकेत ज्या ख्रिस्ती शाळेत अकरावीत शिकतो, तिथली चौदा मुले आणि चार मोठी माणसे पुढच्या वर्षी दहा दिवसांसाठी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका लहान वसतिगृहात जाणार आहेत. शाळेच्या भाषेत ही ‘मिशन ट्रिप’. आम्ही घरचे हिंदू. शाळा घराजवळ आहे आणि वर्ग लहान आहेत म्हणून मुलाला तिथे घातले. आजवर शाळेच्या धर्माचा आम्हाला आणि आमच्या धर्माचा शाळेला त्रास झालेला नाही. या गटात मराठी येणारी मी एकटीच असल्यामुळे स्वयंसेवक म्हणून मला विचारणा झाली आणि मी हो म्हणून बसले.

आता कार्यक्रम हातात आला आहे. त्यात जेवणघराच्या भिंती रंगवणे, रोज दुपारी मुलांसाठी बायबलच्या गोष्टींचा वर्ग, बाहुल्यांचा खेळ आणि एक दिवस आरोग्य तपासणी असे ठरले आहे. सर्वांनी पाठीवर बायबलमधले वचन छापलेले एकसारखे टी-शर्ट घालायचे आहेत, आणि खर्चासाठी प्रत्येक मुलाने नातेवाइकांना व शेजाऱ्यांना पत्र लिहून देणगी मागायची आहे. तारखा मार्चमधल्या इथल्या सुटीत धरल्या आहेत.

माझ्या दोन विनंत्या आहेत. मुलांना कामापुरते मराठी शिकवायला कोणी शनिवारी सकाळी आमच्या घरी येऊ शकेल का? आणि व्हिसाबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. माझ्याकडे ओ.सी.आय. कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचे) आहे, त्यामुळे माझा प्रश्न येणार नाही असे मी धरून चालले आहे.

आपली,
मंडळाच्या मराठी शाळेतली एक पालक

⁂

ताईंस नमस्कार,

आपल्या हेतूबद्दल मला शंका नाही, तरीही स्पष्ट लिहितो. वसतिगृहात राहणारी मुले गरीब घरची असतात. त्यांच्यापुढे परदेशातून आलेल्या पाहुण्यांनी खाऊ, खेळ आणि धर्म एकाच पिशवीतून काढणे मला योग्य वाटत नाही. आपले मंडळ धार्मिक संस्था नाही. आपण गणपती बसवतो हे खरे, पण तो आपल्यासाठी बसवतो, दुसऱ्याच्या दारी नेऊन त्याला आरतीला उभे करीत नाही. मंडळाची यादी, मंडळाचे स्वयंसेवक आणि मंडळाचे नाव या कामासाठी वापरले जाऊ नये, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे.

कळावे,
एक आजीव सभासद

⁂

ताई आणि भाऊ,

दोघांचीही पत्रे वाचली आणि दोघांचेही थोडे थोडे पटले. मी मूळचा नगरचा. आमच्या घरात ख्रिस्ती धर्म पणजोबांपासून आहे, त्यामुळे मिशन हा शब्द मला परका नाही आणि भीतीचाही नाही. आमच्याकडे ‘मंडळी’ म्हणजे चर्च. मी इथे आल्यावर आपल्या मंडळाच्या पत्रकात ‘मंडळी, अवश्य या’ असे वाचून माझ्या आईने विचारले होते, की इथे उपासना किती वाजता असते.

या मुलांना नगरला न्यायचेच असेल, तर त्यांच्याच देशातून तिकडे कोण गेले होते हे त्यांना आधी सांगावे. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे पहिले अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. मराठी शिकल्याशिवाय पुढे काहीच होणार नव्हते, म्हणून ते आधी मराठी शिकायला बसले. हॉल १८२६ मध्ये नाशिककडून परतताना वाटेत कॉलऱ्याने गेले. सिंथिया फरार १८२७ च्या अखेरीस आल्या, आधी मुंबईत आणि नंतर नगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या, आणि १८६२ मध्ये नगरलाच त्यांचा अंत झाला. त्यांची नगरची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली होती, आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढताना तिचा नमुना त्यांच्या डोळ्यांसमोर होता, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. त्या लोकांच्या धर्ममतांशी कोणी सहमत असो वा नसो, पण त्यांतले हॉल तेरा वर्षे आणि फरार चौतीस वर्षे राहिले, आजारी पडले, भाषेत चुका करून हसू करून घेत राहिले. दहा दिवसांच्या सहलीला तोच शब्द लावला, की मुलांना आपणही त्याच पंगतीत बसलो असे वाटू लागते, आणि गडबड तिथूनच सुरू होते.

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या अनुभवातली. मी लहानपणी चार वर्षे वसतिगृहात काढली. एका वर्षी असाच परदेशी पाहुण्यांचा गट आला होता. माणसे फार प्रेमळ होती. त्यांनी आमच्या जेवणघराला निळा ऑइल पेंट दिला. भिंत होती वर्षानुवर्षे चुना मारत आलेली, आणि खालून तीन फूट ओल चढलेली. चुन्यावर तेलाचा रंग धरत नाही आणि आतली ओल बाहेर पडायला वाट मागते, हे गावातल्या कोणत्याही रंगाऱ्याने सांगितले असते. परंतु त्याला कोणी विचारले नाही, कारण त्याला विचारले असते तर पाहुण्यांना काम काय उरले असते? पावसाळ्यात त्या भिंतीला फोड आले. आम्ही मुले जेवताना नखाने ते फोड फोडत असू, आणि खालून पांढरी भुकटी थेट ताटात पडत असे. दिवाळीच्या सुटीत गावच्या रंगाऱ्याने सगळे खरवडून पुन्हा चुना मारला. खरवडण्याची मजुरी रंगवण्याच्या मजुरीपेक्षा जास्त झाली, असे आमचे अधीक्षक कित्येक वर्षे सांगत असत. पाहुण्यांकडच्या फोटोत मात्र ती भिंत अजूनही निळीच असेल.

म्हणून, ताई, रंगकाम काढून टाका. भिंतीला रंग हवाच असेल, तर वसतिगृहाने तो गावातल्या माणसाकडून लावून घ्यावा. मुलांनी तिथे जाऊन शिकावे: भाकरी थापायला, जमिनीवर मांडी घालून जेवायला, स्वतःचे ताट राखेने किंवा साबणाने घासून उपडे ठेवायला. संध्याकाळी तिथल्या मुलांबरोबर खेळावे, आणि खो-खोमध्ये सडकून हरावे. रविवारी उपासनेला शेवटच्या रांगेत बसून ऐकावे. पेटी-तबल्यावर नारायण वामन टिळकांची पदे म्हणणारी ती मंडळी या शाळेपेक्षा आणि या शाळेच्या चर्चपेक्षा जुनी असण्याचा संभव आहे. त्यांना येशूची गोष्ट बाहुल्यांच्या खेळातून सांगायला निघणे म्हणजे देहूला जाऊन अभंग शिकवणे होय.

भाऊ, सोळा वर्षांच्या मुलाने इंग्रजीत केलेल्या बाहुल्यांच्या खेळाने कोणाचा धर्म बदलेल असे मला वाटत नाही. परंतु ज्याच्या छपराखाली राहायचे आणि ज्याचे जेवायचे, त्याच्या पाहुण्यांना ‘नको’ म्हणण्याची सोय लहान मुलाला नसते, हा तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. मी त्या बाजूला उभा राहिलेला आहे. धुतलेले कपडे घालून, तेल लावून, ओळीत.

मार्च महिना कोणी ठरवला? मार्चमध्ये दहावीच्या बोर्डाची परीक्षा असते, त्या वेळी वसतिगृहात मोठ्याने बोललेलेही चालत नाही. एप्रिल-मे मध्ये मुले घरी गेलेली असतात आणि आपल्या भागात पाण्याचे हाल असतात.

शनिवारी शिकवायला मी येईन. चहा मात्र आपल्या पद्धतीचा हवा.

आपला,
नगरचा काका

⁂

सर्वांना नमस्कार,

कार्यकारिणीच्या वतीने आधी नियमाचे सांगतो. या यादीवरून कोणत्याही सहलीसाठी देणग्या मागता येणार नाहीत आणि मंडळ या सहलीचे आयोजक किंवा पाठीराखे नाही. मराठी शिकवणे हे मंडळाचे नित्याचेच काम आहे, शिकणारा कोणत्या शाळेचा आहे हे आपण आजवर विचारलेले नाही, आणि आताही विचारणार नाही.

व्हिसाबद्दल मात्र ताईंनी गाफील राहू नये. भारताच्या ई-टूरिस्ट व्हिसावर बिनमोबदल्याचे, जास्तीत जास्त एक महिन्याचे स्वयंसेवी काम करता येते. धार्मिक स्थळांना भेट देणे, उपासनेला किंवा प्रवचनाला बसणे यालाही हरकत नाही. परंतु धर्माचा उपदेश करणे, धार्मिक स्थळी भाषण करणे, धार्मिक पत्रके किंवा चित्रफिती वाटणे हे त्या व्हिसावर चालत नाही. त्यासाठी मिशनरी व्हिसा हा वेगळा प्रकार आहे आणि तो दूतावासाकडे रीतसर अर्ज करून मिळवावा लागतो. ओ.सी.आय. कार्ड म्हणजे सर्व गोष्टींची मुभा, हाही समज चुकीचा आहे. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार मिशनरी काम, तबलीग (इस्लामचा धर्मप्रचार), पत्रकारिता, संशोधन आणि गिर्यारोहण यांसाठी ओ.सी.आय. धारकालाही विशेष परवानगी घ्यावी लागते. म्हणजे त्या दुपारच्या वर्गात ताईंनी नुसते दुभाष्याचे काम केले, तरी प्रश्न उभा राहू शकतो.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती मुलांच्या देणगीपत्रांची. अर्जावर ‘पर्यटन’ लिहायचे आणि आजी-आजोबांना पाठवलेल्या पत्रात ‘भारतातल्या मुलांना शुभवर्तमान सांगायला निघालो आहोत’ असे लिहायचे, ही दोन तोंडे एकाच माणसाची असू नयेत. विमानतळावर विचारले गेले, तर उत्तर सोळा वर्षांच्या मुलाला द्यायचे आहे. तो खोटे बोलला तरी वाईट, आणि खरे बोलला तरी अडचण.

पैशांचेही तसेच आहे. वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेकडे एफ.सी.आर.ए. (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असेल तरच तिला परदेशी देणगी घेता येते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावी लागते. पाकिटात डॉलर घालून अधीक्षकांच्या हातात ठेवणे ही मदत नव्हे, त्यांना संकटात टाकणे आहे. संस्थेसाठी बॅगा भरून नेलेल्या वस्तूही याच कायद्याच्या कक्षेत येतात, म्हणून आधी संस्थेला लेखी विचारावे. शिवाय मुक्कामाला आलेल्या परदेशी पाहुण्यांची नोंद यजमानांना चोवीस तासांच्या आत ऑनलाइन करावी लागते, तेव्हा पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती आधीच पाठवाव्यात.

आपला,
कार्यवाह

⁂

ताई,

मी थोडक्यात लिहिते. टायफॉइडची लस निघण्यापूर्वी निदान दोन आठवडे घ्यावी, हिपॅटायटिस एची लस झाली आहे का ते पाहावे, आणि मलेरियाच्या गोळ्यांबद्दल प्रवासाच्या दवाखान्यात विचारावे. तुमच्या मुलालाही हे सगळे लागू आहे. ‘आपली पोरे भारतातलीच, त्यांना काय होते’ असे म्हणणारे पालक दर ऑगस्टमध्ये तापाने फणफणलेली मुले घेऊन माझ्याकडे येतात. कुत्र्यांना हात लावायचा नाही, हे मुलांकडून लिहून घ्या.

आरोग्य तपासणीचा दिवस रद्द करावा. परदेशात नोंदणी असलेल्या डॉक्टरला भारतात परवानगीशिवाय रुग्ण तपासता येत नाहीत, आणि विद्यार्थ्यांनी कोणाचा रक्तदाब मोजण्यात काही अर्थ नाही. त्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले आणि गावातल्याच बायकांना, त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या, आरोग्याचे शिक्षण देऊन उभे केले. आपल्या घराशेजारच्या मावशीने सांगितलेले गाव ऐकते आणि ती मावशी उद्याही तिथेच असते. मुलांना दाखवायचे असेल तर ते काम दाखवा, आधी परवानगी घेऊन.

आपली,
मंडळाच्या आरोग्य शिबिराची डॉक्टर

⁂

सर्वांना नमस्कार,

उत्तराला तीन आठवडे लागले, कारण सगळी पत्रे इंग्रजीत करून शाळेसमोर ठेवली आणि तिथे बरीच चर्चा झाली. बायबलचा वर्ग, बाहुल्यांचा खेळ, रंगकाम आणि तपासणी रद्द झाली. टी-शर्टची मागणी अजून गेली नव्हती, तीही थांबवली. दोन पालकांनी ‘मग याला मिशन का म्हणायचे?’ असे विचारून आपल्या मुलांची नावे काढून घेतली. त्यांचा प्रश्न मला प्रामाणिक वाटला. देणगीपत्रे नव्याने लिहून घेतली आहेत आणि व्हिसाच्या अर्जात जे आहे तेच त्यांत आहे. वसतिगृहाच्या अधीक्षकांना मी फोन करून पहिल्यांदाच विचारले, की तुम्हाला आमच्याकडून काय हवे आहे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मार्चमध्ये येऊ नका. जूनच्या शेवटी या. शाळा नुकती उघडलेली असते, लहान मुले घरच्या आठवणीने रडतात, आणि दीडशे मुलांच्या पुस्तकांना कव्हरे घालायची असतात.”

त्यामुळे तारखा जूनअखेरच्या ठरल्या आहेत. वर्गही सुरू झाला आहे. गेल्या शनिवारी बारापैकी नऊ मुले आली. काकांनी त्यांना ‘पाणी’ आणि ‘बाळ’ हे दोनच शब्द पाऊण तास म्हणायला लावले; ‘ण’ जमला, ‘ळ’ अजून ‘ल’च आहे. ‘थँक यू’ला मराठीत काय म्हणतात असे एका मुलीने विचारले, तेव्हा काकांनी सांगितले, की वाढणाऱ्याला धन्यवाद म्हणू नकोस, ‘पोट भरलं’ म्हण. तिने ते वहीत लिहून घेतले. आजीव सभासद भाऊही येऊन मागे बसले होते. बोलले काही नाहीत, पण जाताना पुढच्या शनिवारी खो-खोचे नियम समजावून सांगतो म्हणाले.

आता माझी एकच मागणी आहे. पुस्तकाला कव्हर घालण्याचा सराव इथेच करून घ्यायचा आहे, आणि इथे मिळणारा तपकिरी कागद फार जाड असल्याने कोपऱ्यावर घडी बसत नाही. येत्या महिन्यात भारतातून कोणी येत असेल, तर खाकी कव्हरच्या कागदाचे चार रोल आणि नावासाठी चौकोन असलेली लेबले आणावीत. पैसे मी देईन. बालभारतीची पहिली-दुसरीची जुनी पुस्तके कोणाच्या तळघरात पडून असतील, तर तीही चालतील; पाने फाटलेली असली तरी हरकत नाही.

आपली,
मराठी शाळेतली पालक