कोल्हापूरच्या सभेत कर्जमाफी जाहीर झाली, मग मार्चला पीककर्ज भरायचं का थांबायचं?

पूर्णाकाठ | १२ नोव्हेंबर २०२४

नमस्कार मंडळी. हिंगोली जिल्ह्यातून लिहितोय. ५ तारखेला कोल्हापूरला तपोवन मैदानावर महायुतीची सभा झाली, मुख्यमंत्री शिंदे साहेबांनी दहा वचनं दिली, ते भाषण आमच्या पारावर सगळ्यांनी मोबाईलवर बघितलं. लाडक्या बहिणीचे १५०० चे २१००, शेतकरी सन्मानचे १२ हजाराचे १५ हजार, हमीभावावर २० टक्के अनुदान, वीजबिलात ३० टक्के कपात, आणि त्यातच शेतकऱ्यांना कर्जमाफी. दुसऱ्या दिवशी मुंबईत बीकेसीला महाविकास आघाडीची सभा, तिथं ३ लाखापर्यंत कर्जमाफी आणि नियमित भरणाऱ्याला ५० हजार. म्हणजे कुणीबी आलं तरी माफी होणार असं गावात पक्कं धरून चाललेत सगळे.

आमच्या बाबाच्या नावावर १ लाख ४० हजाराचं पीककर्ज आहे. दरवर्षी मार्चला आम्ही इकडून तिकडून हातउसने करून भरतो आणि आठ दिवसांत परत उचलतो, नवं-जुनं म्हणतो आम्ही त्याला. आता बाबा म्हणायलेत की औंदा एक रुपया भरायचा नाही, भरणारा प्रत्येक वेळी मूर्ख ठरतो. भाऊबंदात पण हेच चाललंय. आणि खरं सांगायचं तर भरायला आहे काय, सोयाबीनचा हमीभाव ४८९२ आणि मोंढ्यात परवा ओलावा जास्त म्हणून ३९०० नी पट्टी झाली, हमाली तोलाई कापून हातात काय राहिलं ते बाबाच्या तोंडाकडं बघून कळत होतं. राहुल गांधी ७००० म्हणतेत, भाजपच्या संकल्पपत्रात ६००० लिहिलंय, पण आमचं सोयाबीन तर विकून झालं ना.

कुणाला मत द्यावं हे विचारत नाही, ते आमचं आम्ही ठरवू. भाषणाच्या भरवशावर कर्ज थकवावं का एवढंच सांगा, माहितगार माणसांनी.

---

शाखेतला | १२ नोव्हेंबर २०२४

बँकेत शेतीकर्जाचं टेबल सांभाळतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कर्जमाफी प्रत्यक्षात कशी लागते ते बघा. भाषणात फक्त माफी असते, जीआरमध्ये, म्हणजे सरकारी आदेशात, तारीख असते, आणि ती तारीख आजवर कायम मागची लागलेली आहे. २००८ ला केंद्राची माफी जाहीर झाली २९ फेब्रुवारीला, पण कर्ज ३१ मार्च २००७ पर्यंत उचललेलं आणि ३१ डिसेंबर २००७ ला थकलेलं असायला पाहिजे होतं. २०१७ ला पुणतांब्याच्या शेतकरी संपानंतर जूनमध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आली, दीड लाखापर्यंत, ३४ हजार कोटींचा आकडा सांगितला गेला, पण थकबाकी धरली ३० जून २०१६ ची, म्हणजे घोषणेच्या वर्षभर आधीची. डिसेंबर २०१९ ला महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजना जाहीर झाली, २ लाखापर्यंत, तिथं कर्ज ३१ मार्च २०१९ पर्यंतचं आणि थकबाकी ३० सप्टेंबर २०१९ ची. तिन्ही वेळा, घोषणा ऐकून जो थांबला तो यादीत आला नाही. जो आधीच मेटाकुटीला येऊन थकला होता तो आला, आणि ते बरोबरच आहे, माफी त्याच्यासाठीच असते.

आता तुमचा हिशोब. ३ लाखापर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर केंद्राची सवलत आणि वर राज्याची पंजाबराव देशमुख योजना धरून व्याज शून्य पडतं. मुदत चुकली की दोन्ही सवलती जातात आणि बँकेचा नेहमीचा दर लागतो. दहा-साडेदहा टक्के धरा, १ लाख ४० हजारावर वर्षाला साधारण १४ हजार झाले. वर खातं एनपीएत, म्हणजे बुडीत कर्जांच्या यादीत, गेलं की पुढच्या खरिपाला नवीन कर्ज नाही, सिबिल म्हणजे कर्जफेडीची पत खराब, आणि मुलाच्या शिक्षणाचं कर्ज काढायला गेलात की बापाची थकबाकी पुढं येते. पेरणीला पैसा मग सावकाराकडून, महिन्याला तीन टक्क्यांनी.

पैसे जमत असतील तर भरा. नसतीलच जमत तर ती वेगळी गोष्ट आहे, मग मार्चच्या आधी शाखेत जाऊन पुनर्गठनाचं, म्हणजे मुदत वाढवून हप्ते पाडून घ्यायचं, विचारा, पण तेही महसूल मंडळात दुष्काळ किंवा अतिवृष्टी जाहीर असेल तरच होतं.

---

रंकाळा_तालीम | १३ नोव्हेंबर २०२४

मी होतो त्या सभेला. बाकीच्या वचनांना आकडा होता, २१००, १५ हजार, २० टक्के, ४५ हजार गावांत पाणंद रस्ते. कर्जमाफीच्या ओळीत किती रुपयांपर्यंत आणि कुठल्या तारखेपर्यंत हे नव्हतं. माझ्या शेजारचे काका घरी जाताना म्हणत होते सातबारा कोरा होणार, म्हणजे माणूस त्याला पाहिजे तेच ऐकतो रे भावा. आमच्याकडं ऊस आहे, कर्ज देणारी गावची सोसायटी कारखान्याच्या बिलातनंच कापून घेते, त्यामुळं थांबायचा प्रश्नच येत नाही. कोरडवाहूवाल्यांचं अवघड आहे.

---

वणीची_लेक | १३ नोव्हेंबर २०२४

शाखेतले दादा तारखेचं बरोबर सांगतायत, पण थकबाकीदार म्हणजे संधी साधून थांबलेला माणूस असं कुणी समजू नये म्हणून लिहिते. माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं, कापसाचं.

२००८ ला पूर्ण माफी होती दोन हेक्टरच्या आतल्यांना, वरच्यांना २५ टक्के सूट आणि ती पण बाकीचे भरले तर. आमच्याकडं कोरडवाहू जमीन, सात-आठ एकरवाला पण गरीबच असतो, तो सुटला बाहेर. २०१७ ला ऑनलाईन फॉर्म, नवरा-बायको दोघांचे आधार, सेवा केंद्रावर अंगठा. माझ्या आजोबांच्या बोटांच्या रेषाच राहिल्या नव्हत्या, मशीन घेईचना, पुसून पुसून परत लावायचे, रात्री नेट बरं चालतं म्हणून माणसं जेवणखाण सोडून केंद्रासमोर बसलेली. मग हिरवी यादी, म्हणजे पात्र ठरलेल्यांची, आली का, आपलं नाव आहे का हे विचारत महिनेच्या महिने गेले. दीड लाखाच्या वर असेल तर वरची रक्कम आधी तुम्ही भरा मग दीड लाख मिळतील. ज्याच्याकडं वरची रक्कम भरायला होती तो थकला कशाला असता!

२०१९ ची योजना राबवायला खूप सोपी होती हे मी मान्य करते, याद्या लागल्या, विशिष्ट क्रमांक मिळाला, आधार प्रमाणीकरण केलं की काम झालं. पण २ लाखाच्या वर एक रुपया जरी असला तरी योजनेत नाव नाही. माझ्या वडिलांचं मुद्दल कमीच होतं, व्याज चढून चढून २ लाखाच्या पुढं गेलं आणि ते राहिले. आज पण थकीतच आहेत, बँकेच्या दारात जात नाहीत. विम्याचे पैसे खात्यात आले की होल्ड लागतो, स्वतःचेच पैसे काढायला मॅनेजरकडं हात जोडावे लागतात.

म्हणून पूर्णाकाठ भाऊ, बाबांना रागावू नका. ते भाषणाला भुललेले नाहीत, त्यांनी बघितलंय की भरणाऱ्याचं काय होतं. तरी पण भरता येत असेल तर भराच, कारण एकदा थकलं की व्याज तुमची वाट बघत थांबत नाही.

---

कोथरूड_डेपो | १३ नोव्हेंबर २०२४

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. दोन्ही आघाड्या लाडकी बहीण १५०० नाही तर २१००, २१०० नाही तर ३००० अशी बोली लावतायत आणि वर कर्जमाफी. हे पैसे येणार कुठून हे एकाही सभेत सांगितलं नाही. निवडणूक आयोगाच्या आचारसंहितेतच आहे की जाहीरनाम्यातल्या आश्वासनामागचा तर्क आणि पैसा कसा उभा करणार हे ढोबळमानाने तरी सांगावं. पण ते पाळलं नाही म्हणून काही होत नाही, आणि आश्वासन मोडलं म्हणून कोर्टात पण जाता येत नाही, २०१३ ला सुप्रीम कोर्टाने बालाजी विरुद्ध तामिळनाडू खटल्यात सांगितलं की जाहीरनाम्यातलं आश्वासन भ्रष्ट आचरणात येत नाही. माफीने दर पाच-सात वर्षांनी सगळी वसुलीच बसते आणि त्यात सोसायट्या बुडतात, आणि सोसायटी बुडाली की छोट्या शेतकऱ्याचंच नुकसान जास्त.

---

वणीची_लेक | १३ नोव्हेंबर २०२४

सोसायट्या बुडतात हे खरंय आणि त्याचं मला पण वाईट वाटतं. पण हमीभाव ४८९२ जाहीर करून ३९०० ला माल घेतला गेला तर क्विंटलमागं हजार रुपये आमचे गेले, ते कुणाच्या हिशोबात धरायचे? खरेदी केंद्र वेळेवर उघडा, ओलाव्याची अट आमच्या हवेला धरून ठेवा, मग माफी मागायला कोण येतंय. एकाही भाषणात खरेदी केंद्र कुठल्या तारखेला सुरू होणार हे मी ऐकलं नाही.

---

माणदेशी | १४ नोव्हेंबर २०२४

आम्ही नियमित भरणारे. २०१९ च्या योजनेतले ते प्रोत्साहनपर ५० हजार आम्हाला २०२२ च्या दिवाळीत मिळाले, सरकार बदलल्यावर. तीन वर्षांतली दोन वर्षं मुदतीत परतफेड पाहिजे अशी अट होती. उशिरा मिळाले पण मिळाले, त्यामुळं भरणारा दर वेळी मूर्ख ठरतो हे सगळं खरं नाही, तेवढं बाबांना सांगा. परतफेडीच्या पावत्या मात्र जपून ठेवा, आमच्या सोसायटीच्या गटसचिवांनी तारीख चुकीची टाकली होती, पावती होती म्हणून दुरुस्त झालं.

---

पूर्णाकाठ | १४ नोव्हेंबर २०२४

सगळ्यांचे आभार. तारखेचं बाबाला वाचून दाखवलं, ते गप्प बसले. चुलते मात्र थांबणारच म्हणतेत, त्यांच्यावर तसा पण सावकाराचा बोजा आहे, त्यांना दोन्ही भरणं होणारच नाही. आम्ही बघू, तूर निघाली की ठरवू.

---

शाखेतला | २९ मार्च २०२५

धागा वर काढतोय कारण फोन लई यायलेत. काल अर्थमंत्री अजितदादांनी बारामतीत स्पष्ट सांगितलं की ३१ तारखेच्या आत पीककर्जाचे पैसे भरा, आत्ता माफी करण्यासारखी परिस्थिती नाही. १० मार्चच्या अर्थसंकल्पात पण कर्जमाफीला तरतूद नव्हती, २१०० चा पण उल्लेख नव्हता, लाडक्या बहिणीला ३६ हजार कोटी ठेवले ते १५०० च्या हिशोबानेच. सोमवारी ३१ आहे, शाखेत गर्दी असेल, कुणाचं जमत असेल तर सकाळीच या. आमच्याकडं या वर्षी वसुली फार कमी आहे. निवडणुकीनंतर लोक थांबले ते थांबलेच.

---

वणीची_लेक | ४ नोव्हेंबर २०२५

वर्ष झालं म्हणून लिहिते. सप्टेंबरच्या पावसात मराठवाड्यात जमिनी खरवडून गेल्या, ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्यात कर्जमाफी नव्हती. मग बच्चू कडूंचा ट्रॅक्टर मोर्चा नागपुरात धडकला आणि ३० ऑक्टोबरच्या बैठकीनंतर मुख्यमंत्री फडणवीसांनी सांगितलं की ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेऊ, त्याच्यासाठी प्रवीण परदेशी यांची समिती. म्हणजे कोल्हापूरच्या भाषणात जी तारीख नव्हती ती रस्त्यावर उतरून घ्यावी लागली. तरी ती निर्णयाची तारीख आहे, थकबाकी कुठल्या दिवसाची धरणार हे अजून सांगितलेलं नाही, आणि सगळं त्याच्यावरच अडलंय. २०२५ च्या मार्चची धरली तर जुने थकलेले येतील, जूनची धरली तर निवडणुकीनंतर थांबलेले पण येतील, आणि ज्यांनी दागिना मोडून भरलं त्यांना काय द्यायचं हे वेगळं ठरवावं लागेल. समितीकडं लेखी मागणी पाठवणार असाल तर तारखेचं, २ लाखाच्या वर व्याज चढून गेलेल्यांचं आणि नियमित भरणाऱ्यांचं, तिन्ही लिहा.

---

शाखेतला | ५ नोव्हेंबर २०२५

ताईंनी लिहिलंय त्यात एक भर. कर्जखातं आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते आत्ताच बघून घ्या, मागच्या वेळी आमच्या शाखेत निम्म्या अडचणी त्याच्याच होत्या. वारलेल्या खातेदाराच्या वारसांनी वारसनोंद करून बँकेत अर्ज देऊन ठेवा, यादी लागल्यावर धावपळ करून होत नाही. आणि पंप, ठिबक, ट्रॅक्टर ही मुदत कर्जं आहेत, पीककर्ज माफ झालं तर ती पण झाली असं समजून त्यांचे हप्ते थांबवू नका.