दिवाळीच्या शटडाऊनला चिलरला अ‍ॅसिड: गरज की नुसती रीत?

युटिलिटीवाला, चाकण
दिवाळी तोंडावर आली की आमच्याकडे दोन कोटेशनं हमखास येतात, मिठाईच्या डब्यांचं आणि चिलर (कारखान्यासाठी पाणी गार करणारं मशीन) डिस्केलिंगचं, म्हणजे त्यातले क्षार काढण्याचं. कंडेन्सरमध्ये, म्हणजे मशीनची उष्णता ट्यूबमधल्या पाण्याला देणाऱ्या भागात, क्षार बसलेत का, हे कुणी बघत नाही. गेल्या वर्षी अ‍ॅसिड मारलं म्हणून यंदाही मारायचं. माझं मत सरळ आहे: तारीख बघून अ‍ॅसिड मारणं बंद करा. अप्रोच बघा, आणि तो वाढला की एंड कव्हर खोलून ब्रश मारा.

नव्या मंडळींसाठी सांगतो. कंडेन्सरमध्ये मशीनचा गॅस (रेफ्रिजरंट) ज्या तापमानाला द्रव होतो, त्या तापमानातून कंडेन्सरबाहेर पडणाऱ्या कूलिंग वॉटरचं तापमान वजा करा. तो अप्रोच. ट्यूब स्वच्छ असतील तर फुल लोडला साधारण दीड-दोन अंश मिळतो. तोच चार-पाचावर गेला तर मध्ये काहीतरी बसलंय. कंडेन्सिंग तापमान एक अंश चढलं की कॉम्प्रेसर ढोबळमानाने अडीच टक्के वीज जास्त खातो. ३०० टनाचं मशीन (टन म्हणजे गार करण्याच्या क्षमतेचं माप), टनामागे ०.६ किलोवॉट, म्हणजे १८० किलोवॉट. तीन अंश वाढले तर साडेतेरा किलोवॉट फुकट. ७२०० तास, ९ रुपये युनिट: पावणेनऊ लाख.

आणि अ‍ॅसिड कशावर ओततोय तेही बघा. हल्लीच्या तांब्याच्या ट्यूबला आतून तिरके आटे असतात, भिंत पाऊण मिलिमीटरच्या आतबाहेर, खाचेत त्याहून कमी. एक ट्यूब फुटली की पाणी गॅसमध्ये शिरतं आणि मग कॉम्प्रेसरचं काय होतं ते इथे लिहायला नको.

डिस्केलिंग_करतो
साहेब, हिशेब छान, पण वर्षभर फुल लोड कुठल्या प्लांटला असतो? लोड उतरला की अप्रोचही उतरतो. निम्मे पैसे तर इथेच गळाले.

ब्रशचं म्हणाल तर बोअरच्या पाण्यावर चालणारं मशीन खोलून बघा. पांढरा थर इतका घट्ट असतो की नायलॉनचा ब्रश आट्यांच्या माथ्यावरून सरकत जातो, खाचेतलं तसंच राहतं. मग कुणीतरी हुशारी करून तारेचा ब्रश घालतो आणि आटेच खरवडून काढतो. अ‍ॅसिडने ट्यूब गेल्या म्हणता, त्या दुकानातलं मीठाचं अ‍ॅसिड बादलीने ओतणाऱ्यांमुळे. सल्फॅमिक अ‍ॅसिड, इन्हिबिटर (धातूला वाचवणारं रसायन), कूलिंग टॉवर (कंडेन्सरचं गरम पाणी निववणारा) पूर्ण बंद करून फक्त कंडेन्सरमधून छोट्या पंपाने फेरा. वरचा व्हेंट उघडा, कारण क्षार विरघळताना वायू सुटतो आणि तो कोंडला की गॅस्केट उडते. दर थोड्या वेळाने अ‍ॅसिडची ताकद तपासायची. ती घटायची थांबली की क्षार संपले, पंप बंद. मग सोड्याच्या पाण्याने न्यूट्रल करायचं. असं केलं तर तांब्याला फारसं काही होत नाही.

मोल्डिंगवाला, वसई
मोठ्या मशीनवाल्यांनी जरा खाली बघावं. माझ्या ३० टनाच्या चिलरचा कंडेन्सर ब्रेझ्ड प्लेटचा, म्हणजे एकमेकींना झाळलेल्या पत्र्यांचा आहे. खोलताच येत नाही, ब्रश घालू कुठे? अ‍ॅसिड नाही तर भंगार. मे महिन्यात दुपारी हाय प्रेशरला ट्रिप झाला की साच्यातला माल वाकडा निघतो. मी दर वर्षी मारतो, मारत राहणार.

युटिलिटीवाला, चाकण
प्लेटवाल्यांशी माझं भांडणच नाही, मी ट्यूबबद्दल बोलतोय. आणि पावणेनऊचे निम्मे केले तरी चार लाखांच्या वर राहतात हो, कव्हर खोलायला तेवढे लागत नाहीत.

खरा मुद्दा वेगळाच आहे. बऱ्याच ठिकाणी ट्यूबमध्ये क्षार नसतोच, चिखल आणि शेवाळी बुळबुळीत थर असतो. हात घातला की बोटाला लागतो. उष्णता अडवण्यात तो क्षाराच्याही वरचढ, आणि त्यावर तुमचं सल्फॅमिक जवळजवळ काहीच करत नाही. ब्रशने मात्र एका फेऱ्यात निघतो. न बघता अ‍ॅसिड मारलं तर पैसे गेले आणि थर जागेवर.

रात्रपाळी
अप्रोच बघा म्हणता, पण लॉगबुक कोण भरतं ते माहीत आहे ना? दोन, तीन आणि चारचं रीडिंग साडेचारला एकाच पेनाने लिहिलं जातं. मी बघतो म्हणून सांगतो. शिवाय कमी प्रेशरच्या मशीनमध्ये हवा शिरली तरी डिस्चार्ज प्रेशर चढतं, आणि वाढलेला अप्रोच ट्यूबच्या नावावर खपतो. आधी पर्ज युनिट (शिरलेली हवा बाहेर काढणारं) चालतंय का ते बघा, मग ब्रश शोधा.

पाणी_तपासतो
तुम्ही सगळे ट्यूबशी भांडताय, चूक टॉवरमध्ये आहे. टॉवरमधून वाफ होऊन जातं ते शुद्ध पाणी, क्षार मागे राहतात. ४०० पीपीएम हार्डनेसचं पाणी चार पट दाटू दिलं तर टॉवरमध्ये १६०० होतं. कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळतो, म्हणून तो टाकीत न बसता नेमका गरम ट्यूबच्या भिंतीवर बसतो. ब्लोडाऊन (दाटलेलं पाणी सोडून देणं) कंडक्टिव्हिटीवर, म्हणजे क्षारांच्या मोजमापावर, ऑटो करा, अँटिस्केलंट (क्षार बसू न देणारं) आणि बायोसाइड (शेवाळ मारणारं) नियमित द्या, मग बोला अ‍ॅसिडबद्दल. आणि चिल्ड वॉटरच्या, म्हणजे गार केलेलं पाणी फिरतं त्या बाजूला दर वर्षी हात लावणाऱ्यांना तर मी दंडच करीन. ते बंद सर्किट आहे, तिथे क्षार येणार कुठून?

मोल्डिंगवाला, वसई
ब्लोडाऊन म्हणजे पाणी गटारात. उन्हाळ्यात टँकर मागवतो मी. टँकरचं बिल तुम्ही भरणार का?

पाणी_तपासतो
टँकरचं पाणी बहुतेक बोअरचंच. मग सॉफ्टनर बसवा, अ‍ॅसिडही वाचेल.

डिस्केलिंग_करतो
चाकणवाल्यांचा चिखलाचा मुद्दा मान्य, पण अर्धाच. सगळीकडे चिखल नसतो. सोपी परीक्षा सांगतो: कव्हर खोला, ट्यूब शीटवरचा (ट्यूबची टोकं बसवलेल्या जाड पत्र्यावरचा) खडा खरवडून काढा, त्यावर पातळ अ‍ॅसिडचे दोन थेंब टाका. फसफसला तर कार्बोनेट, माझं काम. गप्प बसला तर सिलिका नाहीतर सल्फेट, तिथे साधं अ‍ॅसिड हात टेकतं. ज्यांच्याकडे सिलिका असते ते मला फोन करतात आणि मी नाही म्हणतो. दुसरा येतो, हो म्हणतो, अ‍ॅसिड ओततो, पैसे घेतो.

युटिलिटीवाला, चाकण
ठीक. यंदा कव्हर खोलतोय, थेंब टाकून बघतो. फसफसलं तर तुम्हालाच बोलावतो, पण कोटेशनमध्ये इन्हिबिटरचं नाव आणि प्रमाण लिहून द्या. नुसतं ‘केमिकल क्लीनिंग १ नग’ चालणार नाही.

डिस्केलिंग_करतो
लिहून देतो. पण कव्हर शनिवारी खोलून आम्हाला सोमवारी बोलावू नका. ट्यूब सुकल्या की चिखलाचंही सिमेंट होतं, मग तुमचा ब्रशही अडकेल. आणि नव्या गॅस्केटचा खर्च तुमच्याकडे.