फ्रोहॉक मेलेल्या फुलपाखरांवर थांबला नाही
या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय की व्हिक्टोरियन काळातले चित्रकार टाचणीला टोचलेली मेलेली फुलपाखरं बघूनच चित्रं काढायचे. बरेच जण तसं करायचे हे खरंय, पण फुलपाखरांचा ब्रिटिश चित्रकार आणि अभ्यासक फ्रेडरिक फ्रोहॉक (१८६१-१९४६) ला त्यात धरू नका प्लीज. हा माणूस अंड्यापासून फुलपाखरं वाढवायचा आणि अंडं, अळी, कोष सगळं जिवंत बघून रंगवायचा, त्याचं ब्रिटिश फुलपाखरांचं दोन खंडी पुस्तक १९२४ मध्ये आलं.

आणि लार्ज ब्लू या निळ्या फुलपाखराचा तर इथे विषयच निघाला नाही! त्याची अळी आधी रानटी थाइम या सुगंधी झुडपाची फुलं खाते, मग जमिनीवर उतरते आणि मुंग्या तिला स्वतःच वारुळात उचलून नेतात, तिथे ती मुंग्यांच्याच अळ्या खाऊन वाढते. हे कोडं सोडवण्यात फ्रोहॉक आणि फुलपाखरं पाळणारा त्याचा सहकारी कॅप्टन प्युरफॉय यांचा मोठा वाटा होता, प्युरफॉयने तर अक्रोडाच्या कवचात मुंग्यांसोबत ती अळी वाढवली. केवढा हा पेशन्स!